ठिपके पडलेलं थान

"मावशी, माझ्या दिरानं माझा गळा कापला हो!" असं म्हणून ती बाई दारातच मटकन बसली.

जावईबापूंनी आधी तिच्या गळ्याकडे पाहिलं. गळा शाबूत होता. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. तिची दहाही बोटं नखांपर्यंत निळी होती.

"रंगारीण आहे ती, जावईबापू. घाबरू नका," मावशी म्हणाल्या. "पाणी आणा आधी."

सायकलींच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत मावशींचं खासगी चौकशीचं कार्यालय होतं. त्या स्वतः परमुलखातून आलेल्या, एकट्या, आणि पाटी लावण्यापूर्वी या देशाच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या. जावईबापू म्हणजे त्यांच्या भाचीचा नवरा. थोडे दिवस मदतीला म्हणून आले आणि गाडी चालवता चालवता इथलेच झाले. डोकं वाईट नव्हतं त्यांचं, फक्त ते जरा उशिरा तापायचं.

रंगारीण पाणी प्यायली आणि सांगायला लागली.

या देशात परक्या माणसाला धंदा काढायचा असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, इथला नागरिक जामीन म्हणून उभा राहायला हवा. दुसरी, परवाना खात्याचा तपासनीस जागेवर येऊन तयार काम बघतो, आणि पसंत पडलं तरच शिक्का मारतो. परवाना मिळाला की घरच्यांना बोलावता येतं. तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी तिकडे सामान बांधून बसली होती. नाही मिळाला, तर तिचीच इथली मुदत संपणार होती आणि तिलाच परत जावं लागणार होतं.

"तपासनीस उद्या सकाळी येणार. आणि आज पहाटे उठून बघते तर माझं कापडाचं थान काळ्या ठिपक्यांनी भरलेलं! अख्खं थान, मावशी!"

"कुणी शाई फेकली?" जावईबापूंनी विचारलं.

"शाई असती तर बरं झालं असतं, कुणीही फेकली म्हटलं असतं. हा आमचा काळा आहे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतो आम्ही. मग त्याला लोखंडाचं पाणी लागलं की तिथे काळं पडतं, कायमचं. हे या गावात दोघांनाच माहीत आहे. एक मी आणि दुसरे आमचे भावोजी."

"आणि भावोजींशी तुमचं भांडण झालंय," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गळा कापला म्हणालात. नुसत्या संशयावर माणूस इतकं मोठं बोलत नाही."

रंगारीण खाली बघत म्हणाली, "परवा म्हणाले, अर्जावर माझं नाव नको, काढून टाका. म्हणजे यांना यातून अंग काढायचंय. माझा धंदा बसला की ते सुटले."

मावशींनी चपला घातल्या. "चला जावईबापू. उद्याच्या आत छडा लागायला हवा."

* * *

रंगारिणीच्या भाड्याच्या दोन खोल्या, मागे फरसबंदी अंगण. अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीवर ते थान. फिकट पिवळ्या कापडावर वाटाण्याएवढे काळे ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. वरच्या बाजूला जास्त, खाली जाता जाता कमी.

जावईबापूंनी बोट ओलं करून एक ठिपका चोळून पाहिला. ठिपका हलला नाही.

"याच्यावर आज तुरटीचे छाप मारायचे होते," रंगारीण म्हणाली. "आणि उद्या सकाळी मंजिष्ठेत उकळायचं. तुरटी जिथे असेल तिथे लाल उठतं. तपासनिसासमोरच भांड्यातून काढणार होते."

थानाच्या शेजारी, त्याच दोरीवर, हात पुसायचा पंचा होता. मावशींनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यावर काळा ठिपका एकही नव्हता. पण उन्हासमोर धरल्यावर फिकट तांबूस डाग दिसले, चहा सांडावा तसे.

"याला हिरडा नाही लावलेला?"

"पंचाला कशाला लावेन?"

"तुमचं ते लोखंडाचं पाणी कुठे असतं?"

कोपऱ्यात एक मडकं होतं. गंजके पत्रे आणि गूळ पाण्यात घालून कुजायला ठेवलेला. रंगारिणीनं झाकण काढताच जावईबापूंनी नाक दाबलं. वर जाड, सुरकुतलेली साय धरली होती, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड. मावशींनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि झाकण परत ठेवलं.

"ही साय मोडली तर परत धरायला किती दिवस लागतात?"

"आठवडा तरी. पण मी शेवटचं कधी काढलं ते आठवत नाही बाई."

दोरीच्या खाली भिंतीला टेकून एक कुंडी होती. त्यातल्या झाडाला चार पानं, तीही रुसलेली.

"हे तुमचं?"

"आधीचे भाडेकरू टाकून गेले. मी तर त्याला विसरूनच गेले होते. आपल्या नशिबानं जगतंय बिचारं."

मावशींनी मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं आणि पदराला पुसलं. जावईबापूंनी खिशातल्या वहीत लिहिलं, 'झाड: निरुपयोगी.'

अंगणाला दोन वाटा होत्या. एक गल्लीकडचं दार, त्याला नुसती कडी. दुसरं शेजारच्या अंगणाकडचं बुटकं फाटक. काल दुपारी रंगारीण कचेरीत गेली तेव्हा थान स्वच्छ होतं. परतली तेव्हा अंधार पडला होता, म्हणून ती अंगणात गेलीच नाही.

"तुम्ही वाळत घातलेल्या कापडावर कधी पाणी मारता का?" मावशींनी मध्येच विचारलं.

"तयार कापडावर मारते. रंगवून झालं की उन्हात टाकून दिवसभर शिंपडत राहायचं, त्यानं नक्षीमागचा भाग पांढरा होतो. पण हे तयार नव्हतं. याला हात लावायचाच नव्हता."

* * *

धाकटा दीर स्वयंपाकघरात उभा होता. चोर पकडल्यावर दिसतो अगदी तसाच दिसत होता. उजवा हात त्यानं पँटच्या खिशात घातला होता आणि तो काही केल्या बाहेर येत नव्हता.

"काल संध्याकाळी कुठे होतात?" मावशींनी विचारलं.

"फिरायला गेलो होतो."

"एकटेच?"

"हो."

"जरा ते पातेलं द्या बघू इकडे. जड आहे, दोन्ही हातांनी धरा."

त्याला हात काढावाच लागला. बोटांची पेरं काळी होती. जावईबापूंनी लगेच वही काढली. मावशींनी पातेलं घेताना नाक त्याच्या हाताजवळ नेलं, आणि पातेलं परत होतं तिथे ठेवलं.

"वहिनी माझ्याशी बोलत नाहीत," दीर हळूच म्हणाला. "मी सांगितलं तरी विश्वास बसायचा नाही. उद्या होऊन जाऊ दे, मग सांगतो."

"उद्या काही राहिलं तर!" रंगारीण दारातून कडाडली.

गल्लीत आल्यावर जावईबापू म्हणाले, "मावशी, झालं की काम. हातच काळे!"

"जावईबापू, काळा म्हटलं की तुमच्या दृष्टीनं सगळा एकच काळा. चला, जामीनदाराला भेटू."

* * *

जामीनदार म्हणजे मोठ्या रस्त्यावरचे कापडवाले. दुकानात थानांच्या भिंती, मधे ते. बोलणं मऊ, अगदी त्यांच्या मालासारखं.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "मी काल दुपारी जाऊन आलो तिकडे. हाक मारली, कुणी नव्हतं. दार ढकलून बघितलं. कापड कडकडीत वाळलेलं, पिवळं, जुन्या कागदासारखं. मनात म्हटलं, यात बघण्यासारखं ते काय! पण डाग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन."

"तुम्ही आत गेलात?"

"दारातूनच. त्या मडक्याचा वास सहन होतो का माणसाला!"

"परवाना नाही मिळाला तर?"

कापडवाल्यांनी कापड मोजायचा गज उचलून परत ठेवला. "मी त्यांना आधीच सांगितलंय. माझ्याकडे कामाला या, माझ्या नावावर रंगवा, मी मुदत वाढवून घेतो. पाण्यात राहून पोहायला शिकण्यापेक्षा नावेत बसा की. आणि हे बघा, खराब कापड दाखवणार असतील तर मी जामीन राहणार नाही. माझीही अब्रू आहे बाजारात."

बाहेर आल्यावर जावईबापूंचं मत बदललं होतं. "यालाच फायदा आहे, मावशी. दिरानं गुपित सांगितलं आणि यानं डाव साधला!"

"माणूस मतलबी आहे, हे खरं. पण त्यानं आपल्याला एक फार चांगली गोष्ट सांगितली."

"कोणती?"

"कापड कडकडीत वाळलेलं होतं."

जावईबापूंनी लिहून घेतलं. का लिहिलं ते त्यांना कळलं नाही.

* * *

शेजारच्या अंगणात मास्तरीणबाई राहत, जन्मापासून इथल्याच. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे समोरचा माणूस चूकच बोलणार अशा तयारीनं त्या ऐकत. रंगारिणीच्या रंगाच्या कुंडांच्या वासाबद्दल त्यांनी दोनदा घरमालकाकडे तक्रार केली होती, आणि हे गल्लीत सर्वांना ठाऊक होतं.

त्यांचं अंगण म्हणजे पानांचा दाट हिरवा ढीग होता. पानं इतकी गर्द की जावईबापूंना ती खोटी वाटली. त्यांनी एक चिमटीत धरलं.

"पानं ओढू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या. जावईबापूंनी हात पाठीमागे नेले.

"काल संध्याकाळी कुणी शेजारी येताना दिसलं?" मावशींनी विचारलं.

"कुणी नाही. मी दिवेलागणीपर्यंत बाहेरच होते."

"थानावर डाग होते तेव्हा?"

"एकसुद्धा नव्हता. स्वच्छ, ओलं, छान एकसारखं लोंबत होतं. मी खोटं बोलत नाही." मग जरा थांबून, "तिचं काम उद्या होणार का?"

"तुम्हाला काय वाटतं? वास तर जाईल."

मास्तरीणबाई फाटकाकडे बघत होत्या. "भिंत बुटकी आहे," त्या म्हणाल्या. "तिची मुलगी फोनवर रोज विचारते, आई, आता किती दिवस. न ऐकायचं म्हटलं तरी ऐकू येतं."

मावशी निघाल्या. वाटेत पायऱ्यांजवळ पत्र्याची जुनी झारी होती. जावईबापूंचा पाय लागला आणि झारीत काहीतरी खुळखुळलं. ते ती सरळ करायला वाकले आणि नाक मुरडून उठले.

"आंबट वास येतोय," ते कुजबुजले. "लोणचं घालतात की काय झारीत?"

मावशी वळल्या. झारीकडे पाहिलं, जावईबापूंकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

"जावईबापू, आज तुमच्या पायांनी डोक्यावर मात केली. सगळ्यांना अंगणात बोलवा. कापडवाल्यांनासुद्धा."

* * *

दुपारच्या उन्हात थानासमोर सगळे उभे राहिले. रंगारीण एका टोकाला, दीर दुसऱ्या टोकाला. कापडवाले सावली शोधून. मास्तरीणबाई फाटकाच्या पलीकडेच थांबल्या.

"आधी मडकं," मावशी म्हणाल्या. "रंगारीण म्हणाली, हा काळा फक्त लोखंडाच्या पाण्यानं होतो. बरोबर. पण तिच्या मडक्यावरची साय अखंड आहे. पळीभर पाणी काढलं असतं तरी ती फाटली असती. म्हणजे लोखंड दुसरीकडून आलं. मग भावोजींनी दुसरं मडकं लपवलं असेल का? म्हणून मी त्यांच्या हाताचा वास घेतला. तो टर्पेंटाइनचा होता. तेलरंग आहे तो. भावोजी, आता आणा ते. उद्यापर्यंत थांबलात तर वहिनी तुम्हाला तुरुंगात घालतील."

दीर घरात गेला आणि पलंगाखालून चादरीत गुंडाळलेली लाकडी पाटी घेऊन आला. काळी ठसठशीत अक्षरं, अजून जराशी चिकट. पाटीवर एकट्या रंगारिणीचं नाव होतं.

"पाटी रंगवणाऱ्याकडे बसून मीच काढली," तो म्हणाला. "वहिनी, कला तुमची आहे. तुमच्या आईची. धंदा कुणाचा म्हणून विचारलं तर दोन नावं कशाला? म्हणून म्हटलं, माझं काढा. मी कुठे जातोय? कुंडं कोण ढवळणार?"

रंगारिणीचे डोळे भरून आले. "हे सरळ सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठे!"

"घरचं घरी भांडा," मावशी म्हणाल्या. "आता कापडवाले. त्यांना फायदा होता. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं की कापड कडकडीत वाळलेलं होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळी ते ओलं होतं आणि डाग नव्हता. दोघंही खरं बोलले. काल आभाळ कोरडं होतं. मग मधल्या वेळात कुणीतरी थानावर पाणी मारलं. बादलीनं फेकलं असतं तर ओघळ असते. हे ठिपके आहेत, वर जास्त, खाली कमी. म्हणजे हात उंच करून, सावकाश, शिंपडलंय. पंचावरही तेच पाणी पडलं, पण त्याला हिरडा नाही, म्हणून तिथे फक्त गंजाचे डाग."

"पण शिंपडलं कुणी?" जावईबापू अधीर झाले होते.

"वैऱ्यानं, असंच आपण सगळे धरून चाललो. मीसुद्धा, कुंडीत बोट घालेपर्यंत. ते मरतुकडं झाड आहे ना, ज्याला महिनोन्‌महिने कुणी विचारलं नाही, त्याची माती ओली होती. सूड उगवायला आलेला माणूस जाता जाता झाडाला पाणी घालून जात नाही."

मावशी फाटकाकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"बाई, तुम्ही झारीत खिळे आणि व्हिनेगर घालता ना? झाडांची पानं हिरवी राहावीत म्हणून?"

मास्तरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या वडिलांची युक्ती आहे ती. पिवळी पानं... पण मी तर..." त्यांनी फाटकाची कड धरली. "ती रोज कापडावर पाणी मारते. मी रोज बघते. काल ती आली नाही, कापड वाळून गेलं होतं, आणि उद्या तपासणी. मला वाटलं, राहूनच गेलं. अंधारून आलं होतं. मी डाग पाहिला नाही हो! सकाळी सगळे ओरडले, कुणीतरी वाईट पाणी टाकलं. मला वाटलं, माझ्यानंतर कुणी आलं असेल."

"शिंपडलं की आधी नुसतं करडं दिसतं," रंगारीण हळूच म्हणाली. "हवेनं रात्रभरात काळं होतं."

"आधीच का नाही सांगितलंत?" जावईबापूंनी विचारलं.

"तक्रारी मीच केल्या होत्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि मदतही मीच करायची? लोक काय म्हणतील!"

सगळ्यांच्या आधी रंगारीण हसली. मग रडली. मग फाटक उघडून तिनं मास्तरीणबाईंचे दोन्ही हात आपल्या निळ्या हातांत धरले.

कापडवाले खाकरले. "उलगडा छान झाला. पण थान तर गेलंच. मी उद्या येणार नाही. माझ्याकडच्या कामाचं मात्र बघा." आणि ते गेले.

जामीन गेला, कापड गेलं. दीर पाटी हातात धरून तसाच उभा राहिला. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

रंगारीण मात्र थानाकडे बघत होती. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत तिची नजर सरकत गेली.

"भावोजी," ती म्हणाली, "आईच्या पेटीतला पाच पाकळ्यांचा ठसा काढा. मधे रिकामा आहे तो."

* * *

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला तेव्हा तांब्याच्या भांड्यातून वाफ येत होती. रंगारिणीनं आणि दिरानं काठ्यांवर तोलून थान वर उचललं.

लाल फुलं होती. शेकडो. एकसारख्या रांगेत नव्हे, तर वाऱ्यानं बी टाकावं तशी, कुठे दाट, कुठे विरळ, आणि प्रत्येकाच्या मधोमध काळा डोळा.

तपासनीस कापडाभोवती दोनदा फिरला. "अशी विखुरलेली नक्षी मी पाहिली नाही. ठिपके कसे बसवलेत?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"मी नाही बसवले," रंगारीण म्हणाली. "शेजारच्या बाईंनी चुकून टाकले. मी फक्त पाकळ्या लावल्या."

तपासनिसानं मान हलवली. ती पसंतीची होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं कागद पुढे केला. "तुमचे जामीनदार आले नाहीत. इथल्या नागरिकाच्या सहीशिवाय मला शिक्का मारता येणार नाही."

बुटकं फाटक करकरलं. मास्तरीणबाई आत आल्या. अंगावर ठेवणीतली साडी नसली तरी ठेवणीतला कोट होता, आणि चष्मा पुसलेला.

"कुठे सही करायची?" त्यांनी विचारलं.

"बाई, जामीन राहणं ही जबाबदारी आहे," तपासनीस म्हणाला. "धंद्याशी तुमचा संबंध काय?"

"काळा रंग माझा आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि वर्गात फळ्यावर काढावी तशी स्वच्छ सही केली.

शिक्का बसला. त्याचा आवाज काही फार मोठा नव्हता, पण रंगारीण दचकली. मग तिनं फोन काढला आणि नंबर लावता लावता तिची बोटं चुकत राहिली. शेवटी दिरानं लावून दिला.

पलीकडून लहान आवाज आला, "आई, आता किती दिवस?"

रंगारिणीनं फोन मास्तरीणबाईंच्या हातात दिला.

मास्तरीणबाईंनी घसा साफ केला. "आता दिवस मोजायचे नाहीत. सामान घ्यायचं आणि निघायचं," त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. इथे वास फार येतो. पण सवय होते."

जावईबापूंनी वही काढली, कालच्या पानावरचं 'निरुपयोगी' खोडलं आणि त्या कुंडीला पाणी घालायला गेले. मावशी मागून ओरडल्या, "तांब्यानं घाला हो जावईबापू, झारीला हात लावू नका!"